दिसणारी परंतु न सापडणारी फाईल

हस्तलिखितांची छायाचित्रे एका मापाची करणे, त्यांवर क्रमांक घालणे, ती दुसऱ्या स्वरूपात साठविणे ही कंटाळवाणी कामे आज संगणकावरील आज्ञावलीकडे, म्हणजेच स्क्रिप्टकडे, सोपविता येतात. तथापि शे-दोनशे चित्रे निर्वेधपणे पार पडल्यावर आज्ञावली मध्येच एखाद्या फाईलपाशी अडते, आणि ती फाईल तर पडद्यावर स्पष्ट दिसत असते. अशा वेळी संगणकाने दिलेला नकार कोणत्या जातीचा आहे, हे प्रथम पाहावयास हवे. 'परवानगी नाही' आणि 'सापडत नाही' हे दोन नकार सर्वस्वी भिन्न होत.

पहिल्या नकाराचे निरसन सोपे आहे. मॅक संगणकाच्या २०१९ मधील कॅटालिना आवृत्तीपासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व डाउनलोड्स हे फोल्डर संरक्षित झाले. परवानगी मिळते ती आज्ञावलीला नव्हे, तर ती चालविणाऱ्या ॲपला. म्हणून टर्मिनलमधून सुरळीत चालणारी आज्ञावली रात्री ठराविक वेळी आपोआप चालविली असता अडू शकते. परवानगी द्यावयास तेव्हा समोर कोणी नसते! चित्रे या तीन फोल्डरांबाहेर ठेवली की बहुधा काम भागते. ॲपलस्क्रिप्टने उणे १७४३ हा क्रमांक दाखविल्यास मात्र फाईलचा प्रश्नच नसतो. एका ॲपने दुसऱ्यास आज्ञा देण्यास मुभा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा नकार मराठीच्या अभ्यासकास अधिक विचार करावयास लावणारा आहे. 'दऱ्या' हा शब्द घ्या. यातील ऱ युनिकोडमध्ये ०९३१ या एकाच संकेताने लिहिता येतो. ०९३० हा र व त्यापुढे ०९३क हा नुक्ता अशा जोडीनेही लिहिता येतो. किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह असाही. मराठी लेखनात नुक्त्याला स्थान नसताना यंत्राने आपल्या अक्षराची फोड नुक्त्याने करावी, हा विपर्यासच म्हणावयाचा. डोळ्यांना तिन्ही रूपे एकच. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाईलव्यवस्था नावे फोड करून साठवी. २०१७ पासूनची एपीएफएस नाव आहे तसे ठेवते, पण शोधताना पहिली दोन रूपे समान मानते. विंडोज व लिनक्स सामान्यतः तसे मानीत नाहीत. त्यामुळे जुन्या मॅकवरील चित्रे तेथे नेली असता यादीतील नाव आणि फाईलचे नाव जुळत नाही.

यादी व फोल्डर या दोहोंतील नावे युनिकोडने ठरविलेल्या एकाच प्रमाणरूपात आणल्यास पहिल्या दोन रूपांचा भेद मिटतो. तिसरे रूप त्या नियमाच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी आज्ञावलीत स्वतंत्र नियम लिहावा लागतो. येथे घाई घातक ठरते. 'अदृश्य चिन्हे काढून टाका' हा रूढ उपाय योजला, तर जोडचिन्ह जाताच 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. त्याच फोल्डरात 'दर्या' नावाचे चित्र अगोदरच असेल, तर नामांतराच्या वेळी एक चित्र दुसऱ्यावर लिहिले जाऊन मूळ नष्ट होण्याचा संभव आहे. यास्तव नामांतर नेहमी प्रतींवर करावे, आणि नवे नाव आधीपासून अस्तित्वात आहे काय, हे आज्ञावलीने प्रत्येक वेळी तपासावे.