दोन मर्लायन

सिंगापूरच्या हार्बरफ्रंटसमोर सेंटोसा बेट आहे. प्रवाशांना ओढण्यासाठी तेथे १९९० च्या दशकात मर्लायनचा, म्हणजे सिंहमुखी मत्स्याचा, ३७ मीटर उंच पुतळा उभारला. पुतळा कसला, इमारतच ती! आत शिरून मुखातून व माथ्यावरून देखावा पाहता येई. नव्या योजनेसाठी २०१९ साली तो बंद करून पाडण्यात आला.

शहरातला १९७२ चा मूळ मर्लायन ८.६ मीटर उंच, वजन ७० टन. शिल्पकार लिम नांग सेंग. पुलामुळे तो समुद्रावरून दिसेना, तेव्हा २००२ साली सुमारे १२० मीटर हलवून तो वाचवला.

वाचकहो, आपल्या गणपतीचे विसर्जन आम्ही मूर्ती आणतानाच ठरवतो. दुकानापुढे भव्य शिल्प मांडणाऱ्यांनीही उंचीआधी विचारावे: उद्या हे हलेल काय?