सुपा परिसरातील तीन अभ्यासक्रम : रिसॉर्ट व्यवस्थापन, शिल्पकला आणि वाचनशिक्षण

उत्तर कन्नड जिल्ह्यातील मूळ सुपा हे गाव काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले होते. १९८७ मध्ये गणेशगुडीजवळील १०१ मीटर उंचीचे धरण पूर्ण झाले आणि गाव जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयडा येथे हलले. सुपा हे नाव आता मुख्यतः धरणाला उरले आहे. १९५६ चे दांडेली अभयारण्य आणि १९८७ चे अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. २०१५ पासून तो काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखला जातो. शेती आणि जंगल या दोहोंवरील हक्क आकसल्यानंतर येथील तरुणांपुढे जो नवा रोजगार आला तो म्हणजे पर्यटन. परंतु त्यात त्यांच्या वाट्याला बहुधा स्वयंपाकघर, राखण आणि नदीतील वल्हे एवढेच येते. हिशेब, आरक्षण आणि व्यवस्थापकाची खुर्ची बाहेरून आलेल्यांकडे असते. या स्थितीत सामुदायिक महाविद्यालयाने काय शिकवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भारतातील पहिले सामुदायिक महाविद्यालय १९९५ मध्ये पाँडिचेरी येथे सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये या महाविद्यालयांसाठी योजना आखली आणि २०१४ मध्ये बी.व्होक. पदवीची योजना सुरू केली. बी.व्होक.च्या रचनेत कौशल्याला ६० टक्के आणि सामान्य शिक्षणाला ४० टक्के श्रेयांक असतात. साठ टक्क्यांवर बरीच चर्चा होते. चाळीस टक्के मात्र 'संवादकौशल्य' अशा मोघम शीर्षकाखाली संपवले जातात. सुप्यासारख्या ठिकाणी खरी अडचण याच चाळीस टक्क्यांत आहे.

प्रथम रिसॉर्ट व्यवस्थापन. शहरी हॉटेल व्यवस्थापनाचा पाठ्यक्रम येथे जसाच्या तसा उचलून चालत नाही. काळी नदीतील राफ्टिंग हे धरणाच्या विजेवर चालते असे म्हटले तरी वावगे ठरणार नाही. सुपा वीजगृहात ५० मेगावॅटचे दोन संच आहेत. ते चालून पाणी सुटले की गणेशगुडीखालच्या पात्रात तराफ्याला धार मिळते. म्हणजे पाहुण्याला किती वाजता नदीवर न्यावयाचे हे रिसॉर्टच्या कार्यालयात ठरत नाही. पाणी सोडण्याच्या सूचना, व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या बांधकामाचे निर्बंध, सांडपाणी आणि ओला कचरा, धनेश पक्ष्याच्या विणीच्या काळात झाडाजवळ गर्दी न होऊ देणे, हे सर्व व्यवस्थापनाचेच विषय होत. ज्याच्या आजोबांनी या जंगलात वाट काढली त्या मुलाला यातले अर्धे आधीच ठाऊक असते. त्याला हवा असतो तो हिशेब, करारनामा आणि लेखी नियम.

शिल्पकलेचा संबंध वरवर पाहता दूरचा वाटेल. परंतु याच जिल्ह्यात शिरसी, कुमठा या बाजूला गुडिगार कारागिरांची चंदनावरील कोरीव कामाची जुनी परंपरा आहे, आणि कारकळजवळ मियार येथे कारागिरांना दगड व लाकूड कोरण्याचे शिक्षण देणारी संस्था आहे. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेला (स्थापना १८५७) समोर ठेवून आखलेला अभ्यासक्रम जोयड्याला पेलणार नाही. कारकळचा नमुना अधिक जवळचा आहे. अडचण मालाची आहे. राष्ट्रीय उद्यानातून लाकूड वा दगड आणणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. तेव्हा माती, खाणीचा जांभा, सिमेंट आणि फायबर यांपासूनच सुरुवात करावी लागेल. मानवी वा प्राण्यांच्या आकृती घडविण्यास संकोच वाटणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विजापूरच्या इब्राहिम रोझातील खिडक्या पाहण्यासारख्या आहेत. तेथे दगडातील अक्षरे हीच जाळी झाली आहे. खत्ताती आणि छिन्नी यांचा हा मेळ अभ्यासक्रमात सहज बसतो.

आता वाचनशिक्षण. जोयडा तालुक्यात कुणबी, गवळी, सिद्दी यांच्या घरांत कोंकणी किंवा मराठीच्या वळणाची बोली असते, शाळेत कन्नड, आणि रिसॉर्टच्या कागदांवर इंग्रजी. दांडेलीच्या मुस्लिम कुटुंबांतील मुलाच्या बाबतीत यात उर्दूची भर पडते. अशा मुलाला 'वाचता येत नाही' असा शेरा मारण्यापूर्वी कोणत्या लिपीत येत नाही, हे पाहिले पाहिजे. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या एकाच तत्त्वावर चालतात. मूळ अक्षरात अ असतो, मात्रा लागली की स्वर बदलतो. त्यामुळे एका बाराखडीचे ज्ञान दुसरीत वापरता येते. फरक तेवढे दाखवावे लागतात. 'कि' लिहिताना देवनागरीत वेलांटी अक्षराच्या आधी येते, कन्नडमध्ये ती अक्षरालाच वरून चिकटते. जोडाक्षरातील दुसरे व्यंजन कन्नडमध्ये खाली उतरते. ए आणि ओ यांचे ऱ्हस्व व दीर्घ भेद कन्नडमध्ये लिहून दाखवतात, मराठीत नाही. उर्दूचे तत्त्वच निराळे. ती उजवीकडून डावीकडे जाते, अक्षराचे रूप त्याच्या जागेनुसार बदलते आणि जबर, जेर, पेश बहुधा लिहिलेच जात नाहीत. वाचकाला शब्द आधी माहीत असावा लागतो. म्हणून उर्दू वाचणारा मुलगा संदर्भावरून अंदाज बांधण्यात तरबेज असतो. कन्नड वाचताना तोच अंदाज त्याला चकवतो. त्याची ही चूक आळसाची नव्हे.

'प्रथम' संस्थेने २००५ पासून 'असर' पाहणीत वापरलेली चाचणी अगदी साधी आहे. अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट, एवढेच तिचे टप्पे आहेत. पदविकेस प्रवेश घेणाऱ्यांचीही अशी चाचणी, मार्कांविना, त्यांच्या प्रत्येक लिपीत घ्यावी. प्रौढांना त्यात कमीपणा वाटतो हे खरे. म्हणून गोष्टीऐवजी नेमणुकीचे पत्र, जीवरक्षक जाकिटावरील सूचना, पगाराची पावती हा मजकूर घ्यावा. ज्यांचे वाचन पक्के आहे त्यांनी बाकीच्यांना शिकवावे आणि त्या कामाचे श्रेयांक मिळवावेत. वाचनशिक्षणाची पदविका म्हणजे हेच काम पुढे पाड्यावरच्या शाळेत करण्याची तयारी.

राहिला प्रश्न वेळापत्रकाचा. पावसाळ्यात राफ्टिंग बंद असते आणि रिसॉर्टमधील वर्दळ ओसरते, तेव्हा जून ते सप्टेंबर वर्ग आणि ऑक्टोबरनंतर प्रत्यक्ष काम, अशी विभागणी सोयीची. परंतु त्याच महिन्यांत ओढे भरून वाड्यांच्या वाटा तुटतात. तेव्हा जोयड्याला वसतिगृहाची सोय आधी पाहावी, अभ्यासक्रमाची मंजुरी नंतर.