तान्हा पोळा : बालगोपाळांचा बंदोबस्त

श्रावण अमावास्येच्या पोळ्यानिमित्त वणी-दारव्ह्याकडील घरांतून आप्तेष्टांचा गोतावळा जमला, म्हणजे त्यांच्या मुलाबाळांना रमवावे कसे, या प्रश्नाचा बंदोबस्त विदर्भाने दुसऱ्याच दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, तान्ह्या पोळ्याच्या रूपाने केव्हाच करून ठेवला आहे. चाकांवरचा लाकडी नंदी झूल-बाशिंगाने शृंगारून तोरणाखाली रांगेत उभा करावयाचा, मग दोरीने ओढीत घरोघर न्यावयाचा आणि यजमानांकडून बोजारा, म्हणजे खाऊ अथवा चार पैसे, हक्काने वसूल करावयाचा, असा हा रिवाज. परंपरा त्याचे श्रेय नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देते. उत्कृष्ट सजावटीस पुष्कळ ठिकाणी बक्षीसही असते. परीक्षकाने मात्र निकाल जाहीर करताना भोवतालच्या मातांकडे पाहू नये.