पऱ्हाटीची सोयरी

वऱ्हाडात जास्वंद जगवायची असेल, तर जिचं आयुष्य कपाशीत गेलं आहे अशा बाईला विचारावं. रोपवाटिकेतला माणूस कुंडी, खत आणि फुलाचा रंग सांगतो. वावरात राबलेली बाई आधी पान उलटं करून पाहते आणि मग बोलते. दर्यापूर तालुक्यातल्या एका मावशींकडे मी हे बघत आले आहे. त्यांच्या न्हाणीच्या भिंतीलगत लाल गावठी जास्वंदीचं झुडूप आहे, छपराच्याही वर गेलेलं. पहाटे देवासाठी फुलं तोडताना त्यांचा एक हात फुलाकडे असतो आणि दुसरा पानांखाली.

जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कपाशी ही एकाच कुळातली झाडं. वनस्पतिशास्त्रात या कुळाला मालव्हेसी म्हणतात. अंबाडी तर जास्वंदीच्याच प्रजातीतली. शाळेत फुलाचे भाग शिकताना महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी जास्वंदच उकललेली असते: पाच पाकळ्या, मधून बाहेर आलेली लांब नळी, नळीच्या अंगावर पिवळे परागकोश आणि टोकाला पाच मखमली ठिपके. कपाशीचं फूल हातात घेतलं की तीच नळी आत आखूड होऊन बसलेली दिसते. जास्वंदीचं फूल सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी फिक्कट असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन सुकायला लागतं. हे साम्य नुसतं पुस्तकी असतं तर मी ते इथे लिहिलं नसतं. वऱ्हाडात त्याचा अंगणाशी आणि शिवाराशी थेट संबंध येतो.

आधी लागवड. गावठी लाल जास्वंद सहसा बी धरत नाही. ती एका दारातून दुसऱ्या दारी जाते ती फांदीनंच. मावशींच्या झुडपाची फांदी त्यांच्या सासूबाईंनी माहेराहून आणली होती, आणि गावातली कितीतरी झुडपं आता या एका झुडपाची आहेत. पहिले एकदोन पाऊस चांगले झाले की त्या छाटणी करतात. फांदी निवडायची ती पेन्सिलीइतक्या जाडीची, हिरवी सरून करडी व्हायला लागलेली. कोवळी सडते, फार जून झालेली फुटायला वेळ लावते. वीतभर तुकडा, त्यावर तीनचार डोळे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरपा. शेंड्याची दोन पानं ठेवून बाकीची काढायची, ठेवलेली पानंही अर्धी कापायची. मुळं नसलेली फांदी पाणी ओढू शकत नाही आणि पानं मात्र पाणी उडवत राहतात, म्हणून ही कापाकापी. नदीची वाळू आणि पोयटा निम्मानिम्मा घेऊन त्यात फांदी खोचायची आणि सावलीत ठेवायची. महिना-सव्वा महिन्यात मुळं धरतात. नवी पालवी फुटली म्हणून लगेच उपटून पाहायचं नाही. फांदीत साठलेल्या बळावर पालवी आधी येते, मुळं मागून येतात.

बंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेले आणि इतरही मोठ्या फुलांचे संकरित वाण आता अमरावती-अकोल्याच्या रोपवाटिकांत मिळतात. पिवळी, केशरी, दुरंगी, बशीएवढी फुलं. दिसायला मोहक आहेत. पण त्यांतले पुष्कळसे फांदीनं नीट लागत नाहीत, कलम करावं लागतं, आणि आपल्याकडचा मे महिना त्यांना फार जड जातो. माझं मत गावठी लाल जास्वंदीकडेच झुकतं. ज्यांना रंगीत हवी असेल त्यांनी ती जरूर लावावी, पण पश्चिमेचं ऊन अडेल अशाच जागी.

मग माती आणि पाणी. आपली काळी माती कपाशीला मानवते, कारण कपाशीचं सोटमूळ खोल जातं आणि मातीनं धरलेली ओल हिवाळ्यापर्यंत वापरतं. फांदीवरून वाढलेल्या जास्वंदीला सोटमूळ नसतं. तिची मुळं वरच्या थरात पसरतात. तिथे भादव्यात चिखल असतो आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, भेग पडताना मुळं तुटतात. म्हणून खड्डा दोन फुटांचा घ्यायचा, तळाला मुरूम घालायचा आणि काढलेल्या मातीत वाळू व कुजलेलं शेणखत मिसळून तो भरायचा. झुडपाचं बूड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडं उंचावर राहिलं की पावसाळ्यात पाणी साचत नाही.

दर्यापूर, भातकुली, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर या भागाची अडचण वेगळीच आहे. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. भूगर्भातलं पाणी खारं, माती चोपण, निचरा जवळजवळ नाही. अशा जमिनीत लोह असतं, पण ते मुळांना घेता येत नाही. त्याची पहिली खूण शेंड्याकडच्या नव्या पानांवर दिसते: पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनी, खालची पानं पिवळी होत असतील तर कारण दुसरं, बहुधा नत्राची कमतरता किंवा साचलेलं पाणी. हा फरक ओळखला नाही, तर माणूस खतावर खत टाकत राहतो आणि झाड आणखी खंगतं. लोहाची कमतरता असेल तर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून पानांवर फवारायचं, ऊन उतरल्यावर. दोनतीन आठवड्यांत नवी पानं हिरवी येऊ लागतात. खाऱ्या पाण्याचा पुरवठा चालूच राहिला तर मात्र पिवळेपणा परत येणारच.

पाणी कसं आहे याची खूण हीच जास्वंद देते. लाल पाकळ्या गरम पाण्यात भिजवल्या की जांभळट अर्क उतरतो. त्यात लिंबू पिळलं तर गडद गुलाबी होतो, खायचा सोडा घातला तर हिरवा. शाळेतला प्रयोग आहे हा. मावशींच्या नातवानं तो अंगणात केला: एका वाटीत पावसाचं पाणी, दुसरीत बोअरचं. पावसाच्या पाण्यात रंग जांभळटच राहिला, बोअरच्या पाण्यात त्यावर हिरवट झाक आली. मावशी बघून म्हणाल्या, “म्हनूनच थे पावसाच्या पान्यानं हासते आन् बोअरच्यानं रुसते.” तेव्हापासून छपराचं पाणी धरलेल्या टाकीतला वाटा जास्वंदीला ठरलेला आहे. याच पट्ट्यात शेततळ्यांचा आग्रह धरला जातो त्यामागेही हेच कारण आहे: खाऱ्या भूजलाऐवजी पावसाचं गोडं पाणी साठवून पिकाला द्यायचं.

उन्हाळ्याबद्दल एकच गोष्ट आवर्जून सांगते. मे २०२४मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला आणि जिल्हा प्रशासनानं उष्म्यामुळे कलम १४४ लागू केलं. त्या दिवसांत घरोघरी कूलर चालतात आणि टाकीच्या तळाचं उरलेलं पाणी फुकट कशाला घालवायचं म्हणून झाडांना ओतलं जातं. ते ओतू नये. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. टाकीच्या तळाला उरतं ते मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारं असतं. कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरलेली दिसली की समजावं, क्षार मुळांपर्यंत पोचले आहेत. उन्हाळ्यात फांद्याही छाटू नयेत. पानांच्या आडोशाला असलेली साल उघडी पडली की करपते. बुडाशी गव्हाच्या काडाचं किंवा वाळल्या पाल्याचं आच्छादन घालावं, पाणी संध्याकाळी द्यावं, आणि तेही रोज वेळेवर. एक दिवस कोरडं आणि एक दिवस चिंब असं झालं तर कळ्या गळतात. मावशी त्याला पातेगळच म्हणतात, कपाशीचा शब्द. कारणंही बरीचशी तीच: ओलीचा चढउतार, उष्मा, फुलकिडे. कधी गळलेली कळी चिमटीत फोडली तर आत ठिपक्याची बोंडअळी सापडते, भेंडीत आणि कपाशीच्या बोंडात असते तीच.

औषधाचं म्हणाल तर गावात जास्वंद मुख्यतः केसांसाठी. पानं पाण्यात चुरली की बुळबुळीत चीक सुटतो, त्यानं केस धुतात. तेलासाठी फुलं आणि थोडी पानं सावलीत सुकवून, खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मंद आचेवर ठेवतात. तडतड थांबली म्हणजे पाण्याचा अंश गेला, तेव्हा उतरवायचं. पाणी राहिलं तर तेलाला बुरशी येते. केस मऊ होतात, गुंता सुटतो, हे खरं आहे. टक्कल भरून येतं असं मी लिहिणार नाही. पाळीच्या तक्रारींसाठी फुलं पोटात घेण्याची जुनी चाल आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत फुलांच्या अर्काचा गर्भधारणेवर परिणाम दिसला आहे, तेव्हा गरोदर बाईनं किंवा मूल हवं असलेल्या बाईनं ती वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

अशा औषधी झाडांसाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान पाहावं. वनौषधी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रानातली दुर्मीळ मुळी येते. कुंपणाला, न्हाणीमागे, विहिरीच्या काठी उगवलेल्या झाडांची औषधी म्हणून ओळख तिथे होते. याच विद्यापीठात शिवारफेरीला शेतकरी कपाशीचे वाण पाहायला येतात. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या एकाच आवारात कपाशी आणि वनौषधी दोन्ही आहेत.

फुलं देवाला वाहायची, पानं केसांना चोळायची, म्हणजे या झुडपावर विष मारायचं नाही. आपल्याकडे घरात फवारणीचं औषध असतंच. थोडं उरलेलं, झाकण सैल झालेलं, आणि जास्वंदीवर पांढरी कीड दिसली की हात तिकडे जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती औषधं वावरातही जपूनच हाताळायची असतात. लेकरं जिथे खेळतात त्या अंगणात, हाताच्या उंचीवरच्या फुलांवर, ती आणूच नयेत.

पांढऱ्या किडीचं म्हणाल, तर तो पिठ्या ढेकूण. २००२ साली बीटी कपाशी आली, पण तिचं काम बोंडअळीवर, रसशोषक किडींवर नाही. २००५नंतरच्या काही हंगामांत मूळ अमेरिकेकडचा पिठ्या ढेकूण देशभरातल्या कपाशीत शिरला. गाजरगवत, भेंडी, जास्वंद, जे मिळेल त्यावर तो राहतो. जानेवारी-फेब्रुवारीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटल्या की शिवार उघडं पडतं आणि मावा, पांढरी माशी, लाल ढेकूण, पिठ्या ढेकूण हिरव्या आसऱ्याकडे वळतात. आपल्या दारातली जास्वंद तेव्हा हिरवी असते, आपण तिला पाणी घालत असतो. जूनमध्ये कपाशी उगवली की हीच कीड परत शिवारात जाते. त्यामुळे उन्हाळ्यात जास्वंदीकडे पाहणं हे वावराकडे पाहणंच आहे, असं मला मनापासून वाटतं.

मावशींची रीत साधी आहे. बुडाशी मुंग्यांची रांग लागली की त्या लगेच वर बघतात. मुंग्या पिठ्या ढेकणाचा गोड चीक खातात आणि बदल्यात त्याची राखण करतात. मुंग्या हटवल्या की मित्रकिडी निर्धास्त येतात. मग पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालून. फार साचलं असेल तर दात घासायच्या जुन्या ब्रशनं साबणाचं पाणी चोळतात. तरीही राहिलं तर निंबोळी अर्क: उन्हाळ्याच्या अखेरीस गोळा करून वाळवलेल्या निंबोळ्यांची भरड, लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम, रात्रभर भिजवून सकाळी गाळून घ्यायची, चिमूटभर धुण्याचा साबण घालून संध्याकाळी फवारायची.

गेल्या खेपेला मी गेले तेव्हा पेरणीची गडबड होती आणि जास्वंदीची छाटणी चालली होती. पिठ्या ढेकणानं भरलेली एक फांदी दिसली. मी ती कापून जाळायला निघाले, तर त्यांनी हात धरला. “थांब वो बाई, नीट पाह्य.” त्या ढेकणांतले पुष्कळसे पांढरे नव्हते. तांबूस तपकिरी, फुगलेले, कडक झालेले होते, आणि काहींना सुईनं टोचल्यासारखं बारीक भोक होतं. हे काम एनॅसियस नावाच्या इवल्या गांधीलमाशीचं. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि नवी माशी कवचाला भोक पाडून निघून जाते. २००८च्या सुमारास ती आपल्याकडच्या कपाशीत शास्त्रज्ञांच्या नजरेस आली, कुणी मुद्दाम न सोडता, आणि पिठ्या ढेकणाचा जोर ओसरण्यात तिचा मोठा वाटा आहे. मावशींना तिचं नाव माहीत नाही. “ज्याले भोक पडलं थ्याच्यातून माशी गेली. ज्याले नाही पडलं थ्याच्यात हाय अजून. आता जाळशीन तं माशीबी जाईन.”

म्हणून ती फांदी त्यांनी छाटली नाही. तिच्यावरचे पांढरे, जिवंत ढेकूण तेवढे ब्रशनं काढले, तपकिरी राहू दिले, आणि बाकीच्या फांद्यांचे वीतवीतभर तुकडे करून शेजारणीसाठी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले.