मॉरिशसमधील येणे-जाणे

मॉरिशस बेटाची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि पूर्वपश्चिम रुंदी सुमारे ४५ किलोमीटर आहे. म्हणजे पुण्याहून लोणावळ्यास जावे तेवढ्या अंतरात हे राष्ट्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संपते. नोकरीच्या वा व्यापाराच्या निमित्ताने तेथे बिऱ्हाड करावयास निघालेल्या गृहस्थाची हा आकडा वाचून अशी समजूत झाली, की एवढ्याशा मुलखात दळणवळणाची अडचण ती काय असावयाची, तर तीत अस्वाभाविक असे काही नाही. परंतु सकाळच्या वेळी क्यूरपीपच्या पठारावरून राजधानी पोर्ट लुईकडे उतरू लागले, की वीस-बावीस किलोमीटरांच्या त्या वाटेवर तासभर सहज मोडतो, आणि या बेटावर अंतर किलोमीटरांनी न मोजता घड्याळाने मोजावयाचे असते, हा पहिला धडा मिळतो. चार दिवसांच्या पाहुण्याला हा धडा मिळत नाही, कारण त्याला विमानतळावरून हॉटेलात आणि हॉटेलातून समुद्रावर नेणारी मोटार दारात उभी असते. परदेशी रहिवाशाला मात्र कचेरी, बाजार, मुलांची शाळा, दवाखाना आणि परवान्यांची सरकारी दफ्तरे या सर्व ठिकाणी स्वतःच्या हिकमतीने पोहोचावे लागते.

या बेटावरील वाटा आज जशा आहेत तशा त्या का आहेत, हे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागते. डचांनी हे बेट १७१० मध्ये सोडले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी त्यावर आपला अंमल बसविला. आणि १७३५ मध्ये आलेल्या माए द ला बुर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुईचे बंदर बांधून काढले. १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेले, तथापि फ्रेंच वसाहतकारांची भाषा, धर्म, कायदे आणि रूढी त्यांनी अबाधित ठेवल्या. त्यामुळे आजही मोटारी इंग्रजी रिवाजानुसार रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, सरकारी अर्ज इंग्रजीत भरले जातात, गावांची नावे बहुतांशी फ्रेंच असतात, आणि बसमध्ये चढल्यावर कानी पडते ती क्रेओल बोली. डावीकडून गाडी हाकण्याची सवय असलेल्या भारतीयाला येथे एक सोय आयतीच लाभते. पण नकाशावरील अक्षरे आणि वाहकाच्या तोंडचा उच्चार यांची सांगड घालावयास काही आठवडे द्यावेच लागतात. नकाशावर ज्याचे शेवटचे अक्षर नुसते शोभेचे असते ते वाक्वा, तसेच कात्र बोर्न, बो बासें, माएबूर ही नावे आधी कानाने शिकावी आणि मग डोळ्यांनी.

१८६४ मध्ये या बेटावर पहिली आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी पोर्ट लुईहून मध्यवर्ती पठार ओलांडून माएबूरकडे जाणारा दुसरा लोहमार्ग सुरू झाला. हा मार्ग मुख्यतः साखरेसाठी होता. परंतु १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाची भीषण साथ येऊन राजधानीत हजारो माणसे मृत्युमुखी पडली, आणि ज्यांना परवडण्याजोगे होते त्यांनी उष्ण, दमट किनारा सोडून या लोहमार्गाच्या आश्रयाने थंड हवेच्या उंचवट्यावर घरे बांधली. बो बासें, रोझ हिल, कात्र बोर्न, फिनिक्स, वाक्वा, क्यूरपीप ही नगरे एकीला एक लागून, सलग ओळीने वसलेली दिसतात, त्याचे हे कारण आहे. बेटावरील फार मोठी लोकवस्ती या एका पट्ट्यात राहते, आणि तिच्यातील पुष्कळशी रोज सकाळी एकाच दिशेने उतरते व संध्याकाळी त्याच वाटेने चढते. ज्या रेल्वेने ही नगरे जन्मास घातली ती मात्र मोटारींच्या स्पर्धेत टिकली नाही. उतारूंची वाहतूक १९५६ मध्ये आणि मालाची १९६४ मध्ये बंद पडली. रूळ उखडले गेले, पण वस्ती होती तेथेच राहिली आणि तिचा सारा भार डांबरी रस्त्यांवर आला. माझ्या मते मॉरिशसच्या आजच्या वाहतुकीची निम्मी कहाणी रेल्वे बंद करण्याच्या या एका निर्णयात आहे.

अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर ती चूक दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले गेले. २०१७ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या ‘मेट्रो एक्सप्रेस’चा पोर्ट लुई ते रोझ हिल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०१९ मध्ये उद्घाटित झाला, आणि २०२२ मध्ये ती क्यूरपीपपर्यंत पोहोचली, एबेन व रेद्वी या बाजूंची शाखा त्यानंतर जोडली गेली. हा मार्ग बऱ्याच अंशी जुन्या आगगाडीच्याच वाटेने जातो. त्यासाठी भारत सरकारने मोठे अर्थसाहाय्य दिले असून बांधणीचे काम ‘लार्सन अँड टुब्रो’ने केले. दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या या कंपनीचे नाव परक्या बेटावरील रुळांशी जोडलेले पाहून मराठी माणसाला समाधान वाटावे, हे साहजिकच आहे. पठारावर राहून राजधानीत काम करणाऱ्याने घर शोधताना या मार्गाच्या स्थानकापासून पायी पोहोचता येईल असे पाहावे. जो भाडे वाचविण्यासाठी स्थानकापासून दूर जातो, तो वाचविलेले पैसे आणि शिवाय बराचसा वेळ पुढे रस्त्यावर घालवितो.

मेट्रो मात्र एकाच पट्ट्याची सोय पाहते. उत्तरेकडील त्रियोले आणि ग्रां बे, पूर्वेकडील फ्लाक, दक्षिणेकडील सुयाक, पश्चिमेकडील रिव्हिएर न्वार या सर्व भागांचे खरे वाहन बस हेच आहे, आणि परदेशी रहिवाशाने प्रथम तिच्याशी परिचय करून घ्यावा असे मला मनापासून सांगावयाचे आहे. राजधानीत बसचे दोन मोठे तळ आहेत: पठाराकडे आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या व्हिक्टोरिया स्थानकातून सुटतात, तर उत्तरेकडे जाणाऱ्या इमिग्रेशन स्क्वेअरहून. या दुसऱ्या तळाच्या लगतच आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर या बंदरात उतरविले गेले. त्यांच्यात कोकणातून मुंबई बंदरमार्गे आलेली मराठी कुटुंबेही होती. जागतिक वारशाच्या यादीत २००६ मध्ये दाखल झालेल्या त्या घाटाच्या पायऱ्यांच्या अगदी शेजारून आज उत्तरेच्या गाड्या भरून निघतात.

बसचा व्यवहार साधा आहे. चढल्यावर बसावे, वाहक स्वतः जवळ येतो, उतरण्याचे ठिकाण विचारतो आणि बोटभर कागदाचे तिकीट हाती देतो. ते तिकीट उतरेपर्यंत जपावे, कारण मध्येच एखाद्या थांब्यावर तपासनीस चढतो आणि प्रत्येकाचे तिकीट पाहून त्यावर खूण करतो. खिशात सुटे पैसे असावेत. मोठी नोट पुढे केली असता वाहक नकार देत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर नापसंती उमटल्यावाचून राहत नाही. विद्यार्थी आणि साठ वर्षांवरील नागरिक यांना २००५ पासून प्रवास विनामूल्य आहे. त्यामुळे शाळा सुटण्याच्या वेळी गणवेशातील मुलांनी आणि सकाळी बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या वृद्धांनी गाडी भरून जाते. त्यांतील वृद्ध स्त्रियांच्या शेजारी बसण्यासारखा दुसरा लाभ नाही. नवख्या माणसाला कोठे उतरावे, तेथून कोणती गाडी धरावी, हे त्या न विचारता सांगतात; आणि हिंदुस्थानातून आल्याचे कळताच मोडक्या भोजपुरीत, तमिळमध्ये, तेलुगूत, क्वचित मराठीतही आपल्या पणज्याच्या गावाची चौकशी करतात. स्थानकांवर काचेच्या पेटीत दालपुऱ्या घेऊन विक्रेता उभा असतो. तो त्यांची जोडी तव्यावरून काढल्यासारखी ऊन, आत घेवड्याची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतो. पुष्कळ कारकुनांची न्याहारी हीच. क्यूरपीपच्या बस-स्थानकाच्या चौकास यान पालाख याचे नाव आहे. १९६९ मध्ये प्राग शहरात परकीय आक्रमणाच्या निषेधार्थ ज्याने स्वतःस जाळून घेतले, त्या चेक विद्यार्थ्याची स्मृती हिंदी महासागरातील या गावाने जपावी, ही मला फार उदात्त गोष्ट वाटते.

बसची उणीव एकच, पण मोठी आहे: तिचा दिवस लवकर मावळतो. शहरांच्या पट्ट्यात रात्रीपर्यंत गाड्या मिळतात, पण खेड्यांकडील शेवटची गाडी संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास निघून जाते आणि रविवारी व सणासुदीस फेऱ्या कमी होतात. त्यानंतर टॅक्सीवाचून गत्यंतर नसते. परवानाधारक टॅक्सीच्या दारावर पिवळ्या चौकटीत तिच्या ठरलेल्या तळाचे नाव लिहिलेले असते. भाडे मात्र मीटरवर न ठरता बोलण्यावर ठरते, म्हणून ते आत बसण्यापूर्वीच पक्के करावे. काही ठिकाणी एकाच वाटेचे चार-पाच उतारू मिळून एक टॅक्सी करतात, तिला ‘टॅक्सी-त्रें’ म्हणतात. आणि परवान्यावाचून भाडे मारणाऱ्या खासगी मोटारीस ‘टॅक्सी-मारों’ हे नाव आहे. या दुसऱ्या प्रकारच्या गाडीत अपघात घडल्यास विम्याची रक्कम मिळण्याची शाश्वती नसते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

स्वतःच्या मोटारीविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. जपानहून आणलेल्या जुन्या, दुरुस्त केलेल्या मोटारी येथे विपुल मिळतात. मोटार चालविण्याचा परदेशी परवाना असल्यास दीर्घ मुक्काम ठरताच पोलिसांच्या संबंधित शाखेत जाऊन त्याची रीतसर तजवीज करून घ्यावी, आणि विम्याचा दाखला पुढच्या काचेवर लावलेला असावा. राजमार्गावर वर्तुळाकार चौक फार आहेत, त्यात उजवीकडून येणाऱ्यास अग्रक्रम असतो. आडरस्त्यांवर मात्र सावधगिरी हवी. जून ते डिसेंबर या काळात तोडणी होईपर्यंत माणसाच्या दुप्पट उंचीचा ऊस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीसारखा उभा असतो, वळणापलीकडचे काहीएक दिसत नाही, आणि पदपथ नसल्यामुळे शाळकरी मुले डांबराच्या कडेकडेनेच चालत असतात.

हवामान हा येथील वाहतुकीचा खरा अधिकारी आहे. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाकाठी जेमतेम ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर मधल्या उंचवट्यावर काही ठिकाणी ४,००० मिलिमीटरपर्यंत. त्यामुळे पोर्ट लुईच्या उन्हातून निघालेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात क्यूरपीपच्या झिमझिम पावसात आणि गारठ्यात उतरतो. छत्री सोबत असावी हे सांगणे पुरेसे आहे. परंतु नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत चालणाऱ्या चक्रीवादळांच्या मोसमाविषयी अधिक बोलले पाहिजे. वेधशाळा चार वर्गांचे इशारे देते. पहिला वर्ग जाहीर झाला, की वादळ साधारणतः दीड-दोन दिवसांवर आहे. दुसरा, दिवसाउजेडाचे बारा तास हाती आहेत. तिसरा, असे सहाच तास उरले आहेत. आणि ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले आणि ते चालू राहण्याचा संभव असला म्हणजे चौथा. तिसऱ्या वर्गाची घोषणा होताच कचेऱ्या आणि दुकाने बंद होतात, बस थांबतात, आणि प्रत्येकाने घरी असावे अशी अपेक्षा असते. म्हणून जाणता रहिवासी दुसऱ्या वर्गालाच घराची वाट धरतो. सारे शहर एकाच तासात घरी निघाले, तर रस्ते कसे तुंबतात, याची कल्पना करता येईल.

वादळावाचूनही धोका असतो. ३० मार्च २०१३ रोजी थोड्या वेळात कोसळलेल्या पावसाने पोर्ट लुईत लोंढे आले आणि अकरा माणसे दगावली. त्यांतील काही जण भुयारी मार्गात व तळघरातील वाहनतळात अडकले होते. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी त्याच शहरातील रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. राजधानीमागचे डोंगर उभे आहेत आणि समुद्र जवळ आहे. वरून आलेले पाणी शहरातूनच जाणार. जोराच्या पावसात भुयारी मार्गाने जाऊ नये आणि गाडी सखल जागी उभी करू नये, हा नियम तेथील प्रत्येक मराठी कुटुंबाने मुलांनाही शिकवावा.

आणि काही दिवस असे असतात, की त्या दिवशी रस्ता वाहनांचा राहतच नाही. महाशिवरात्रीपूर्वी हजारो भाविक खांद्यावर कावड घेऊन बेटाच्या सर्व दिशांनी गंगा तलावाकडे रात्रंदिवस पायी चालतात, आणि रस्त्याकडेला लोक त्यांना सरबत, फळे, भोजन देण्यासाठी मांडव घालतात. सप्टेंबरात फादर लाव्हाल यांच्या समाधीकडे ख्रिस्ती लोकांची तशीच रात्रीची पदयात्रा निघते, आणि तीत अन्यधर्मीयही असतात. गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. पश्चिमेकडील कास्कावेलसारख्या मराठी वस्त्यांत त्या दिवशी मूर्ती घेऊन मिरवणुका निघतात आणि मोटारी मुकाट्याने मागे राहतात. परदेशी रहिवाशाने अशा दिवशी अडकल्याचा त्रागा करू नये. गाडी बाजूस लावून चार पावले त्यांच्याबरोबर चालावे.

मॉरिशसला बिऱ्हाड करण्यास निघालेल्या वाचकांना माझी विनंती आहे, की पहिले दोन-तीन महिने मोटार विकत घेऊ नका, बसने आणि मेट्रोने फिरा, आणि घर पक्के करण्यापूर्वी एकदा संध्याकाळी त्या गावी जाऊन, शहराकडे परतणारी शेवटची बस किती वाजता सुटते, हे कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारून घ्या.