चुंबकाच्या पोटातली चूक

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत लार्ज हॅड्रॉन कोलायडर हा 27 किलोमीटर घेराचा त्वरक आहे. त्यातल्या प्रोटॉनांच्या झोतांना वळवत ठेवण्याचे काम 1,232 अतिवाहक द्विध्रुव चुंबक करतात. प्रत्येकाची लांबी सुमारे 15 मीटर. निओबियम-टायटॅनियमच्या केबलची वेटोळी 11,850 अँपिअर प्रवाह वाहून 8.33 टेस्ला क्षेत्र निर्माण करतात आणि त्यांच्या आतली पोकळी अवघी 56 मिलिमीटर व्यासाची असते.

साध्या विद्युतचुंबकात क्षेत्राचा आकार लोखंडी ध्रुव ठरवतो. अतिवाहक चुंबकात तो प्रामुख्याने ठरतो केबल कुठे बसली आहे त्यावरून. म्हणून केबलचा वेढा जागेवरून हलला की क्षेत्र बिघडलेच. प्रोटॉन या चुंबकांतून सेकंदाला 11,000 हून अधिक फेऱ्या तासन् तास घालतात. दर फेरीत तीच चूक भेटत राहिली तर झोत विस्कटतो. त्यामुळे क्षेत्रातल्या दोषाचे मोजमाप मूळ क्षेत्राच्या दहा हजाराव्या भागात केले जाते.

जोडणीत चूक व्हायला जागाही भरपूर असतात. केबलचे वेढे ठोकळ्याठोकळ्यांनी बसवतात, मधे तांब्याच्या पाचरी घालतात, ध्रुवाशी शिम म्हणजे जाडी नेमकी करणारी पातळ पट्टी लावतात, वेटोळ्यावर विद्युतरोधक थर आणि संरक्षक पत्रा चढवतात. मग पोलादी कॉलरी प्रचंड दाबाखाली आवळून बंद करतात. हा दाब हवाच, कारण पूर्ण क्षेत्रात वेटोळ्याचा प्रत्येक चतुर्थांश भाग दर मीटर लांबीमागे पावणेदोनशे टनांच्या आसपास जोराने बाहेर रेटला जातो. कॉलर बसली की आतले काही दिसत नाही. शिम राहून गेली, चुकीच्या जाडीची पडली किंवा पत्रा चुकून दुहेरी बसला, तरी बाहेरून चुंबक निर्दोषच दिसतो.

तपासणीचा मार्ग क्षेत्रातूनच निघतो. चुंबक थंड न करता, कारखान्यातल्या तापमानालाच, त्यातून दहाएक अँपिअर प्रवाह सोडतात. या वेळी अतिवाहकता नसते. प्रवाह केबलमधल्या तांब्यातून वाहतो, क्षेत्र मिलिटेस्लांच्या घरात असते. पण इथे तपासायची आहे भूमिती, आणि तिला एवढे पुरते. पोकळीत एक लांबट नळी सरकवतात. तिच्यात बसवलेले मापक वेटोळे फिरते, त्यात निर्माण होणाऱ्या विद्युतदाबाचे गणिती पृथक्करण होते आणि द्विध्रुव, चतुर्ध्रुव, षड्ध्रुव असे घटक वेगळे निघतात. भजनाच्या पेटीतली एक पत्ती बिघडली की जाणत्या कानाला पेटी न उघडता ती ओळखता येते, तसेच काहीसे हे आहे. पाऊण मीटर लांबीचे मापक वेटोळे चुंबकभर वीस ठिकाणी थांबवून ही नोंद घेतात. त्यामुळे दोष कोणत्या टप्प्यात आहे तेही कळते.

खरी कसोटी लागते ती या आकड्यांतून कारणापर्यंत पोहोचताना. निर्दोष द्विध्रुवात सममितीमुळे षड्ध्रुव आणि दशध्रुव यांसारखेच घटक उरतात. वरच्या अर्ध्या वेटोळ्यावर जादा पत्रा आला आणि खालच्यावर नाही, तर वर-खालची सममिती मोडते आणि तिरका चतुर्ध्रुव डोके वर काढतो. डावी-उजवी बाजू असमान झाली तर सरळ चतुर्ध्रुव. शिवाय पोकळीला लागून असलेला ठोकळा सरकला तर वरच्या क्रमाचे, म्हणजे अधिक ध्रुवांचे, घटकही बदलतात, बाहेरच्या थरातला सरकला तर खालच्या क्रमाचेच प्रामुख्याने बदलतात, कारण केबल जितकी दूर तितका वरच्या क्रमावरचा तिचा परिणाम झपाट्याने घटतो. ठोकळा मिलिमीटरच्या एक-दशांशाने आत आला तरी असा माग उमटतो. दोन वेढ्यांत शॉर्ट असेल तर प्रवाहाची वाट बदलते आणि लांबीच्या ज्या जागी ते घडते, तिथे घटकांचे प्रमाण पालटते. मग संगणकावर एकेक संभाव्य चूक घालून पाहतात आणि कोणत्या चुकीने मोजलेले आकडे जुळतात ते शोधतात. दोन वेगळ्या चुकांचा ठसा सारखा निघू शकतो. म्हणून अखेरचा निवाडा कॉलर उघडूनच होतो. हे काम कटकटीचे असते, पण लोखंडी आवरण आणि कवच चढण्याआधी ते परवडते. दुहेरी बसलेले पत्रे आणि आत घसरलेले ठोकळे या पद्धतीने प्रत्यक्षात सापडले आहेत.

पुढची परीक्षा 1.9 केल्विनला, द्रव हेलियममध्ये. सर्नच्या शीत चाचणी केंद्रात या चाचण्यांसाठी भारताच्या अणुऊर्जा विभागाचे शंभराहून अधिक अभियंते आणि तंत्रज्ञ आळीपाळीने राबले, त्यांत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातलेही होते. भारताचा वाटा तेवढाच नाही. द्विध्रुवांत उरणारे दोष निस्तरण्यासाठी त्यांच्या टोकांना छोटे सुधारक चुंबक बसवतात. त्यांपैकी 1,146 षड्ध्रुव आणि 616 अष्टध्रुव-दशध्रुव जोडचुंबक इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रामार्फत भारतीय उद्योगांत तयार झाले. द्विध्रुव ज्यांच्यावर टेकवून अचूक जागी आणतात ते जवळपास 7,000 जॅकही भारतातूनच गेले. यंत्राचा हा भाग झगमगता नाही, पण त्याच्या अचूकतेविना झोत नीट फिरत राहणार नाही.

क्षेत्रमापनाची हद्द मात्र ठरलेली आहे. ते सांगते केबल कुठे आहे, तिचा सांधा कसा आहे ते नाही. 19 सप्टेंबर 2008 रोजी दोन चुंबकांमधला एक सदोष विद्युत जोड तापून वितळला, काही टन हेलियम बोगद्यात सुटले आणि 53 चुंबक बाहेर काढावे लागले. जोड चुंबकांच्या बाहेर, बोगद्यात केलेला होता, त्यामुळे कारखान्यातल्या मोजणीत तो येणेच शक्य नव्हते. असे दोष शोधायला विद्युतरोध आणि उष्णता मोजावी लागते. कोलायडरच्या 2013-14 च्या लांब विश्रांतीत 10,000 हून अधिक जोडांची याच दृष्टीने तपासणी आणि मजबुतीकरण झाले.