टाकावरील श्वान

आपल्यापैकी पुष्कळांच्या देव्हाऱ्यात कुलस्वामी खंडोबाचा चांदीचा टाक असतो. शेतवाडीच्या वाटण्या झाल्या तरी तो बहुधा थोरल्या घरीच राहतो. त्यावर अश्वारूढ मार्तंड, जवळ म्हाळसा, हाती उगारलेले खड्ग आणि घोड्याच्या पायाशी एक लहानसे कुत्रे कोरलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून ते कुत्रे इतके झिजते की, मुलांना बोट लावून दाखवावे लागते.

हे कुत्रे तेथे उगीच नाही. मणिमल्लांशी झालेल्या युद्धात दैत्याच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवे दैत्य उपजू लागले, तेव्हा ते रक्त भूमीवर पडू न देता खंडोबाच्या कुत्र्याने चाटून घेतले, अशी कथा काही ठिकाणी सांगतात.

छत्रपती संभाजीनगराच्या दक्षिणेस, डोंगराच्या पायथ्याशी, सातारा नावाचे गाव आहे. तेथील खंडोबाच्या दगडी मंदिरात मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, यात्रा भरते. खंडोबाच्या अशा यात्रांतून भंडाऱ्याने माखलेला वाघ्या भेटतो. नाव वाघाचे, पण आचार श्वानाचा. देवदर्शनाने वाघांची माणसे झाली तेच वाघ्ये, अशी आख्यायिका आहे. वाघ्या स्वतःस देवाच्या दारचे कुत्रे समजतो. कोटंब्यात, म्हणजे त्याच्या भिक्षापात्रात, अन्न पडले की भुंकत भुंकत ते खाण्याची वाघ्यांची जुनी रीत आहे.

सुशिक्षित मनास हे ओंगळ वाटेल. परंतु ही कल्पना आपल्याच देशापुरती नाही. युरोपात १२१६ साली मान्यता पावलेल्या डोमिनिकन पंथाच्या साधूंना, लॅटिन शब्दांवर श्लेष करून, ‘प्रभूचे श्वान’ म्हणत. फ्लॉरेन्स येथील त्यांच्या मठात चौदाव्या शतकातील एक भित्तिचित्र आहे. त्यात काळ्यापांढऱ्या रंगाची कुत्री लांडग्यांवर तुटून पडत आहेत. रंग साधूंच्या वस्त्रांचे, शरीर कुत्र्याचे!

पण येथे एक भेद विसरून चालणार नाही. आपण होऊन सेवकपण पत्करणे निराळे आणि नवसापायी दुसऱ्याच्या माथी ते मारणे निराळे. मूल वाचावे म्हणून त्यास पुढे वाघ्या करण्याचा, मुलगी असल्यास मुरळी म्हणून देवास वाहण्याचा नवस लोक करीत. त्या लेकराची संमती कोणी घेतली? मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी-संरक्षणाचा कायदा झाला. तेव्हा हे शहर निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो येथे लागू नव्हता. नवस बोलणारा आपल्या घरी सुखाने नांदे आणि भिक्षापात्र दुसऱ्याच्या हाती राही. त्यास नम्रता म्हणता येत नाही.

चंपाषष्ठीस आपण तळी भरतो आणि वांग्याचे भरीत व रोडगे यांचा नैवेद्य दाखवितो. त्यातील एक घास कुत्र्यास घालण्याचा प्रघात आहे. पुष्कळदा तो घास घाईने दाराबाहेर टाकला जातो, आणि थोड्याच वेळाने तेच कुत्रे ओसरीवर आले की त्यास काठी दाखविली जाते. यंदा टाक उजळताना त्या झिजलेल्या आकृतीवर क्षणभर दृष्टी थांबवावी, आणि दारच्या कुत्र्याचा घास पानावर मांडून, खाली वाकून त्याच्यापुढे ठेवावा. तेवढे वाकणे तरी आपले स्वतःचे असावे.